धुराची दिशा

परळीत माझं छपाईचं छोटंसं दुकान आहे. वाढदिवसाचे फ्लेक्स, लग्नपत्रिका आणि दिवाळीच्या आधी व्यापाऱ्यांची कॅलेंडरं. लोकांचे चेहरे गोरे करून करून माझे डोळे गेलेत आणि माणसांवरचा विश्वासही जरा कमीच झालाय.

दोन वर्षांपूर्वी एका किराणा व्यापाऱ्याला कॅलेंडरवर गावाचं चित्र हवं होतं. मी डोंगरावर चढून फोटो काढला. खाली घरांच्या गच्च्या, मधे देवळाचा कळस, मागे दुसरा डोंगर आणि त्याच्या आडून वीज केंद्राच्या चिमण्या.

"ताई, तेवढ्या चिमण्या काढा. देवाच्या गावात धूर बरा दिसत न्हाई," शेठ म्हणाले.

मग आभाळ निळं करा, डोंगर हिरवा करा, कळस मोठा करा. सातव्या दुरुस्तीला मी इतकी कंटाळले होते, की आभाळाचे तुकडे चिमण्यांवर चिकटवलेली फाईल मूळ फोटोच्याच नावाने सेव्ह करून मोकळी झाले. कॅमेऱ्यातलं कार्ड आधीच पुसलं होतं. मूळ फोटो गेला, आणि मला त्याचं काहीच वाटलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात आई गेली.

ते जुनं कॅलेंडर आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागे तसंच लटकत होतं. गेल्या महिन्यात अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ते काढून माझ्यापुढे धरलं आणि एका गच्चीवर बोट ठेवलं. आमचीच गच्ची. दोरीवर तिळाएवढा पिवळा ठिपका.

"तुझ्या आईची साडी हाय ही. मला ह्याचा मोठा फोटो करून दे. पर चिमण्यांसकट. जसं व्हतं तसं."

अण्णांची सगळी नोकरी त्या चिमण्यांखाली गेलेली. मूळ फोटो मीच घालवला, हे सांगायला जीभ रेटेना. "करते," म्हणाले आणि टाळत राहिले. रोज जेवताना ते विचारायचे, "झाला का गं?" मी पुढचा घास घ्यायची.

शेवटी एका दुपारी बसले. दुसऱ्या एका फोटोतून चिमण्या उचलल्या, डोंगराच्या मागे नीट बसवल्या, ऊन जुळवलं. गावावरचं आभाळ फार मोकळं दिसत होतं, म्हणून धूर तिकडे वळवला. खरं सांगते, काम झकास जमलं होतं. फ्रेम करून घरी नेलं.

अण्णांनी चष्मा लावला. बराच वेळ बघत राहिले.

"खोटं हाय हे."

"कशावरून?"

"धूर गावाकडं येतोय, आन् दोरीवर साडी हाय."

आमच्याकडे धुणं पिळायच्या आधी बाई गच्चीवर जाऊन धूर बघते. तो गावाकडे असला तर राख पडते, म्हणून कपडे घरातच वाळत घालायचे. आई तर ओले हात पदराला पुसत रोज वर जायची. लहानपणी तीच मला पिटाळायची, "जा, धूर बघून ये." आणि मी दुकानात बसून माउसने धूर फिरवला होता.

चूक माझी होती, तरी चिडले मीच. "अण्णा, एवढं बारीक कोण बघतंय?"

"ती बघायची," ते म्हणाले. "तिनं राखंत कापड घातलं न्हाई कवाच."

मग मी सगळं सांगून टाकलं. शेठ, सात दुरुस्त्या, पुसलेलं कार्ड. वाटलं, रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फ्रेम माझ्या हातात दिली.

"मग धूर तरी फिरव."

दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्या उघडल्या फाईल काढली. धूर निवडला, उलटा केला, डोंगरापलीकडे नेला. मिनिटभरही लागलं नाही. मग चित्र मोठं करत गच्चीपर्यंत गेले. साडी मोठी होता होता नुसते पिवळे चौकोन उरले, तरी मी बघतच राहिले. आई गेली तेव्हा पै-पाहुण्यांच्या चहापाण्यात रडायचं राहून गेलं होतं. ते रडू त्या सकाळी दुकानात आलं, समोर गिऱ्हाईक आपला फोटो गोरा करून घ्यायला बसलेलं असताना.