जरा हळू चार्ज होणारा फोन आहे का?

गेल्या मंगळवारी मावशीला घेऊन बुधवार पेठेत गेलो होतो… फोन घ्यायला. तिच्या जुन्या फोनची खालची अर्धी स्क्रीन गेलीय, त्यामुळे व्हिडिओ कॉलवर मी तिला फक्त नाकाच्या वरचा दिसतो.

मावशी मूळची अमरावतीकडची, हडपसरला येऊन बरीच वर्षं झाली. मी कॉलेज अर्धवट सोडून पाठीवर बॅग टाकून फिरणारा माणूस. पुण्यात असलो की माझा पत्ता म्हणजे तिचं घर, आणि बाहेर असलो की आमचा सगळा संसार त्या व्हिडिओ कॉलवर.

पेठेत शिरल्या शिरल्या एका दुकानाबाहेर जुने रेडिओ मांडलेले दिसले… मी थांबलो. पुढे एक माणूस स्पीकर उघडून बसला होता, तिथेही थांबलो. शेवटी मावशीने बॅगेचा पट्टा धरून ओढत नेलं. असो.

टाइप-सी चार्जिंग पिनबद्दल माझी मतं ठाम आहेत. हिमाचलात एका ढाब्यावर आम्ही एवढे जण, केबल एकच, आणि ती सगळ्यांना चालली… तेव्हापासून. जुनी पिन आधी उलटी जाते, मग सुलटीही जात नाही, मग परत उलटी करून बघावी लागते. टाइप-सी कशीही घाला, बसते. म्हणून दुकानात गेल्या गेल्या सांगितलं, टाइप-सी आणि फास्ट चार्जिंगवालाच दाखवा.

"अहो, आता सगळे तसेच येतात," दुकानदार म्हणाले. "न सांगता."

तेवढ्यात मावशीने विचारलं, "भाऊ, जुन्या पिनचा नाही का?"

"आहे की. संग्रहालयात."

मावशीने काउंटरवरचा एक फोन उचलून उलटसुलट बघितला. मग हळूच, "बरं… मग जरा हळू चार्ज होणारा?"

दुकानदारांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "काकू, इतकी वर्षं दुकान चालवतोय, ही मागणी पहिलीच."

मला हसू फुटलं. मावशी हसली नाही. हातातला फोन काउंटरवर ठेवला आणि म्हणाली, "चाल, मले नाही पाहिजे."

बाहेर येऊन तिला उसाच्या रसाच्या गाड्यावर बसवलं तेव्हा कळलं. मागे तिचा चार्जर जळाला, तेव्हा ती समोरच्या सुलभाकाकूंकडे फोन चार्जिंगला लावायला जाऊ लागली. काकूंची पिन तीच. काकू एकट्या असतात, गुडघ्यांमुळे जिना उतरत नाहीत. फोन भरायला दोन तास लागायचे, तेवढ्यात चहा व्हायचा, मटार सोलून व्हायचे, सगळ्या बिल्डिंगची चौकशी व्हायची…

"अगं, पण मी तुला नवा चार्जर आणून दिला होता ना?"

"आहे ना. पॅकमधेच आहे."

"मग काकूंकडे कशाला जातेस?"

"आपल्याकडे कसं, चप्पल काढली का थेट घरात," ती म्हणाली. "इथं कोणाच्या घरी उगाच नाही जाता येत बापा. दारातच इचारतात, काय काम होतं? मंग काय सांगू, काही नाही, बसाले आली?"

आता मात्र माझ्या ठाम मतांची पंचाईत झाली. टाइप-सी घ्यावा तर हिची दुपार जाते. "पण मावशी, मी तुला अर्धाच दिसतो…"

"अर्धा त अर्धा. तसाही तू कुठं पुरा असतो?"

तरी परत दुकानात जाऊन घेतलाच फोन. माझ्या हट्टाने. बसमध्ये मावशीने फोनची पिशवी माझ्याच मांडीवर ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती नेहमीच्या वेळी उठली. नवा फोन घेतला, चार्जर घरीच. मीही मागोमाग गेलो. काकूंनी फोन हातात घेतला, आपली पिन लावून बघितली. उलटी करून बघितली. नाहीच.

"याले दुसरी पिन लागते जी," मावशी दारातच उभी. "आता घरीच लावीन मी. तुम्हाला त्रास नाही."

काकूंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "चार्जर काय घरी पूजेला ठेवलाय? आणा की इकडे. वीज आमची चालेल ना त्याला?"

मी पळत जाऊन चार्जर आणला.

चहा अर्धा व्हायच्या आत फोन निम्म्यावर गेला. कंपनीने फास्ट चार्जिंगचा शब्द भलताच पाळला… थोड्या वेळात शंभर. ते मी पाहिलं. काकूंनीही पाहिलं. त्यांनी फोन शांतपणे पालथा घातला आणि म्हणाल्या, "वेळ आहे अजून. बसा."

मित्र मला विचारतात, फोन घेताना पिन कुठली हे बघायचं का? बघा की, जरूर बघा… पण ज्याच्यासाठी घेताय, तो फोन कुणाकडे बसून चार्ज करतो तेही विचारा. आणि सुलभाकाकू, तुम्ही इथे वाचायला नाही आहात म्हणून बिनधास्त लिहितो… मी गावोगाव भटकत असताना माझ्या मावशीला "बसा" म्हणता, त्याबद्दल थँक यू.