कानमंत्र मुलाखतीला जातात

पडदा वर जातो तेव्हा स्वयंपाकघरातलं टेबल दिसतं. टेबलावर चहाचे दोन कप. एकातला निवलेला, दुसऱ्यात बुडवून विसरलेलं बिस्किट. मागे खिडकी, बाजूला गॅसची शेगडी, आणि मधोमध खुर्चीत ताठ बसलेले एक गृहस्थ. इस्त्रीचा शर्ट, पांढऱ्या मिशा, आणि चेहऱ्यावर पहिल्याच तालमीला आलेल्या होतकरू नटाची कळा. समोर त्यांची लेक. तिच्या हातात मोबाइल, कपाळावर आठी.

"स्वतःबद्दल थोडं सांगा," लेक म्हणाली.

गृहस्थांचे ओठ हलले.

"बाबा, ऐकू नाही आलं."

"सांगितलं की."

"कुणाला? टेबलाला?"

यात त्यांचा काही दोष नव्हता. उभा जन्म नाटकमंडळीत प्रॉम्प्टर म्हणून गेलेला. विंगेच्या आड, लहानशा दिव्याखाली, मांडीवर संहिता घेऊन बसायचं. नट अडला की पुढचे दोन शब्द हळूच त्याच्याकडे सोडायचे. त्याला मिळाले पाहिजेत, पण पहिल्या रांगेला सुगावा लागता कामा नये. असा आवाज कमवायला गवयाइतकी मेहनत लागते. मंडळीत त्यांना सगळे कानमंत्र म्हणत. "कानमंत्र बसलेत ना विंगेत? मग जातो मी," म्हणत भलेभले नट निर्धास्त उजेडात शिरत. टाळ्या त्यांच्या, हार त्यांचे. कानमंत्रांच्या वाट्याला अंक संपल्यावर पाठीवर एक थाप. तेवढ्यावर हा माणूस खूश.

पण शब्द पुरवणं हे काही मोठं काम नव्हे. ते वाचता येणारा कुणीही करील. मोठं काम होतं ते गप्प बसण्याचं. नट मध्येच थांबला. आता हा रंग भरायला थांबलाय, की विसरलाय? थांबलेल्याला शब्द दिलात तर रंगलेल्या प्रसंगावर पाणी. विसरलेल्याला दिला नाहीत तर तो बिचारा भर प्रेक्षकांत बुडाला. अशा वेळी कानमंत्र नटाच्या खांद्यांकडे बघत. थांबलेल्याचे खांदे सैल असतात, विसरलेल्याचे कानाकडे चढू लागतात. हा अंदाज चुकल्याचं मंडळीत कुणालाच आठवत नाही.

मग नाटकगृह बंद पडलं. मंडळी पांगली. बायको आधीच गेलेली. कानमंत्र लेकीकडे राहायला आले, आणि त्या घरात निराळंच नाटक सुरू झालं.

लेक म्हणायची, "अहो, ते जरा..." की स्वयंपाकघराच्या दारातून आवाज यायचा, "झाकण." जावई म्हणायचे, "आज साहेबांनी मला बोलावून चांगलं..." की सासरे म्हणायचे, "झापलं." खरं तर साहेबांनी कौतुक केलं होतं, पण सांगण्यातली गोडी गेली ती गेलीच. जावई भला माणूस. उलटून एक शब्द बोलला नाही. फक्त जेवताना हळूहळू बोलायचाच थांबला.

एकदा लेक फोनवर मैत्रिणीशी बोलत होती. "बाबांचं ना..." एवढं म्हणून ती वळली, तर बाबा मागेच उभे.

"जरा जडच होतंय," त्यांनी वाक्य पुरं करून दिलं.

तिने फोन ठेवून दिला. शब्द अगदी तेच होते.

त्याच दिवशी ते लेकीला म्हणाले, "मला कुठेतरी काम बघ. नाहीतर या घरात माझ्याशिवाय कुणाला तोंड उघडायला मिळायचं नाही."

आणि तिने काम शोधलं. ज्यांची स्मृती दगा देऊ लागलीय अशी वडीलधारी माणसं दिवसभर एका केंद्रात येऊन बसत, संध्याकाळी मुलं त्यांना घरी नेत. तिथे त्यांच्यासोबत बसणारा मदतनीस हवा होता. फक्त आधी मुलाखत द्यायची होती. आजवर कानमंत्रांना असं कुणी समोर बसवून विचारलंच नव्हतं. लेकीने मोबाइलवरून नेहमीचे प्रश्न काढले, उत्तरं रचली, आणि तालीम लागली.

"तुमचा सगळ्यात मोठा दोष कोणता? इथे म्हणायचं, मी कामात नको इतका जीव ओततो."

"हा दोष झाला?"

"नाही ना. म्हणूनच सांगायचा."

"आणि खरा विचारला तर?"

"खरा कुणी विचारत नसतं, बाबा."

जावयांनी वर्तमानपत्राआडून डोकं काढलं. "पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता, असंही विचारतात हां."

"या वयात? भिंतीवर, जावईबापू. फोटोत."

जावई खळखळून हसले. कितीतरी दिवसांनी. कानमंत्रांनी तो हशा मनात जपून ठेवला आणि पाठांतराला बसले. पाठांतर अर्थात प्रॉम्प्टरच्या पद्धतीचं. नट आपलीच वाक्यं पाठ करतो, प्रॉम्प्टर सगळ्यांची. त्यांनी उत्तरं घोकली तसे प्रश्नही घोकले, ओळीने.

मुलाखतीची खोली साधी होती. टेबल, पाण्याचा पेला, समोर केंद्राच्या मुख्य बाई आणि शेजारी टिपणं घेणारा एक तरुण. काचेपलीकडे दिवाणखान्यात आजी-आजोबा खुर्च्यांवर बसलेले. पहिले प्रश्न घोकलेल्या क्रमानेच आले. आवाजही बऱ्यापैकी निघाला. लेकीने बघायला हवं होतं, असं त्यांच्या मनात आलं.

आणि बाई थांबल्या. पेन खाली ठेवलं, काचेपलीकडे बघत राहिल्या. कानमंत्रांना वाटलं, सगळा उजेड अंगावर, आणि विंगेत कुणी नाही! त्यांच्या तोंडून तो जुना, कमावलेला आवाज आपोआप सुटला:

"तुमचा सगळ्यात मोठा दोष कोणता?"

तरुणाला हसू आवरेना. "बाई, यांनी तुम्हाला पुढचा प्रश्न दिला!"

"मी विसरले नव्हते," बाई शांतपणे म्हणाल्या. "विचार करत होते. तुम्हाला इथलं काम हवंय, की नुसतं घराबाहेर पडायचंय, याचा."

कानमंत्रांनी आता त्यांच्या खांद्यांकडे पाहिलं. सैल होते. आधी बघायचं त्यांना सुचलंच नव्हतं. संपलं, ते मनात म्हणाले. आता पुन्हा घर, पुन्हा ते मुकं जेवण.

"पण प्रश्न तुम्हीच काढलात," बाई म्हणाल्या, "तर उत्तरही द्या."

लेकीचं उत्तर जिभेवर तयार होतं. त्यांनी ते गिळलं. तरुण मदतीला धावला, "म्हणजे एखादी सवय वगैरे..." बाईंनी हात वर करून त्याला अडवलं.

"आत्ता घडलं तोच," कानमंत्र म्हणाले. "समोरचा थांबला की मला धीर निघत नाही. पूर्वी निघायचा. तेव्हा संहिता मांडीवर असायची, पुढे काय येणार ते मला ठाऊक असायचं. घरच्या माणसांची संहिता कुठे असते माझ्याकडे? तरी मी शब्द वाटत सुटलो. जावई माझ्यापुढे बोलेनासे झाले. घराबाहेर पडायचंय, हे खरं आहे. पण कामही हवंय. गप्प कसं बसायचं ते मला एके काळी चांगलं येत होतं, बाई." मग जरा ओशाळून म्हणाले, "लेकीने दुसरा दोष शिकवला होता. तो जास्त बरा होता."

बाई हसल्या. "इथली माणसं अर्धं वाक्य बोलतात आणि थांबतात. कधी उरलेलं सापडतं, कधी नाही. महिनाभर बसून बघा त्यांच्यात. घाई केलीत तर मी सांगेन."

दाराची बेल वाजली तेव्हा लेक पळतच आली. मागे जावई, हातात वर्तमानपत्र तसंच.

"बाबा, तुम्हाला त्यांनी..." म्हणाली आणि अडली. शब्द पुढे सरकेना. जावयांनी सवयीने सासऱ्यांच्या तोंडाकडे पाहिलं. कानमंत्र चपला काढून, उंबऱ्यात तसेच उभे राहिले. चेहऱ्यावर सगळं लिहिलेलं होतं, पण ओठ मिटलेले.

"अहो बाबा, बोला ना काहीतरी!" लेक रडवेली झाली.

"तुझं होऊ दे आधी."