नावाची मुदत

सत्त्याण्णव साली मी बारामतीत कॉम्प्युटरचा क्लास चालवत होते. खताच्या दुकानाच्या वर दोन खोल्या, त्यात पाच कॉम्प्युटर आणि एक मोडेम. तो मोडेम कुरकुर करत पुण्याला फोन लावायचा, आणि लागला तर लागला. इंटरनेट म्हणजे काय, हे पालकांना नुसतं सांगून पटत नसे. पडद्यावर दाखवायला आपल्याकडचं काहीतरी हवं होतं.

ते आबांमुळं मिळालं. आबा माझे चुलत सासरे, राहायला इंदापूर तालुक्यात, शेळगावला. तरुणपणी दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे. पुढं पाटाचं पाणी आलं, ऊस आला, आणि कळप पाऊणशेवरून वीस-बावीसवर आला. घरातला माग मात्र त्यांनी मोडला नाही. काकू लोकर कातायच्या आणि आबा घोंगडी विणायचे. तालुक्यात त्यांच्या घोंगडीला नाव होतं. मी तीन फोटो काढले, चार ओळी इंग्रजीत लिहिल्या आणि पुण्याच्या एका ओळखीच्या माणसाला दिल्या. वेबसाइट बनवण्याचा त्याचा नवाच धंदा होता. तो म्हणाला, फुकटच्या जागेवर टाकण्यापेक्षा स्वतःचं नाव घ्या, भारदस्त दिसतं. दोन वर्षांच्या नोंदणीचं त्यानंच भागवलं, कारण त्यालाही गिऱ्हाइकांना दाखवायला नमुना हवा होता. अशी आबांची घोंगडी डॉट कॉम झाली. नोंदणीत पत्ता कुठला द्यायचा, असं मी विचारलं तर आबा म्हणाले, घोंगडी शेळगावची तर पत्ता शेळगावचाच. ई-मेलचा पत्ता मात्र पुण्याच्या माणसानं स्वतःचा घातला.

क्लासच्या जाहिरातीपुरतं केलेलं ते पान कोणी वाचेल, असं मला वाटलं नव्हतं. पण दोन-तीन महिन्यांत पानावर दिलेल्या, त्याच नावाच्या पत्त्यावर एक ई-मेल आली. स्कॉटलंडच्या पलीकडं कुठलंसं बेट आहे, तिथली एक म्हातारी बाई. तीही मेंढरं पाळायची आणि मागावर विणायची. तिनं विचारलं होतं, तुमची घोंगडी इतकी ताठ कशी राहते? मी ते छापून ठेवलं आणि आबा बाजाराला आले तेव्हा वाचून दाखवलं. आबांनी जरा विचार करून सांगितलं की चिंचोके भाजून, दळून, त्याची खळ करतात आणि विणून झाल्यावर ती लावतात. मी तसं लिहून पाठवलं. तिचं उत्तर आलं की तिच्या बेटावर चिंच नाही, फार झाडंच नाहीत. आबांना ते खरं वाटेना. मेंढरं मग दुपारी बसतात कुठं, असं त्यांनी मला उलट विचारायला लावलं. तिनं कळवलं की दुपार तशी नसतेच, पाऊस असतो.

तिथून पत्रव्यवहार चालू झाला. महिन्याला एखादं पत्र. मेंढरांच्या खुरांचे आजार, काळ्या लोकरीचा भाव, कोकरं किती झाली, गुडघे कसे आहेत. आबा तिला ‘बेटावरची बाई’ म्हणायचे. दुसऱ्या वर्षी त्यांनी तिला एक घोंगडी पार्सलनं पाठवली. इंदापूरच्या पोस्टात ती गुंडाळायला आणि शिवायला अर्धा दिवस गेला.

नव्व्याण्णवच्या उन्हाळ्यात एके दिवशी नवीन मुलांना दाखवायला मी वेबसाइट लावली, तर ती उघडेना. लाइन खराब असेल म्हणून सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी तेच, आठवड्यानंही तेच. बाकी सगळ्या वेबसाइट उघडत होत्या, फक्त आमचीच नाही. पुण्याला फोन केला तर कळलं, तो माणूस नोकरी लागून बंगळूरला गेला. तिथला नंबर मिळवला. त्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, नावाचं नूतनीकरण केलंत का?

नावाला मुदत असते हे मला ठाऊकच नव्हतं. मी मुलांना शिकवत होते आणि मलाच ठाऊक नव्हतं. त्यानं शांतपणे समजावलं. नाव विकत मिळत नाही, ठरावीक वर्षांसाठी आपल्याकडं असतं. त्याचा सात-बारा होत नाही, खंडानं केलेल्या जमिनीसारखं ते वेळेवर पुढं चालू ठेवावं लागतं. नाही ठेवलं तर आधी वेबसाइट बंद, त्या नावावरची ई-मेल बंद, आणि मग काही दिवसांनी ते नाव मोकळं होतं, जगातल्या कोणीही घ्यावं. आठवण करणारी ई-मेल त्याच्या पुण्याच्या जुन्या पत्त्यावर गेली असणार, आणि तो पत्ता त्यानं केव्हाच सोडला होता. “पण नोंदणीच्या कंपनीकडनं, अमेरिकेहून, घरी टपालानंपण कागद येतो,” तो म्हणाला. “नोंदणीत पत्ता कुठला होता?”

रविवारी मी एसटीनं शेळगावला गेले. आबा ओसरीवर लोकर निवडत बसले होते. अमेरिकेहून काही पत्रं आली का, असं विचारताच त्यांचा चेहरा खुलला. आत जाऊन त्यांनी जमिनीच्या कागदांची पिशवी आणली. तीन पाकिटं होती, नीट कापून उघडलेली, एकही चुरगळलेलं नाही. पहिलं पाकीट आलं तेव्हा पोस्टमननं चहा घेतल्याशिवाय ते हातात दिलं नव्हतं. शाळेतल्या गुरुजींनी वाचून सांगितलं होतं की आबा, तुमचं नाव अमेरिकेत नोंदलं गेलंय. तेवढं ऐकून सगळे खूश झाले. पुढच्या ओळीत अमुक तारखेच्या आत पैसे भरा असं होतं, तिथपर्यंत कोणी गेलंच नाही. दुसरं आणि तिसरं पाकीट तर आबांनी वाचूनही घेतलं नव्हतं. पहिल्यासारखंच दिसतंय, तेच असेल, म्हणून जपून ठेवलं.

मी सगळं समजावून सांगितलं. आबा जरा ओशाळले. मग म्हणाले, “अजून एक आलंय. ह्ये हातानं लिवल्यालं हाय.”

चौथं पाकीट आदल्या दिवशीच आलं होतं, बेटावरच्या बाईचं. वर नुसतं आबांचं नाव नव्हतं, नावाला जोडून इंग्रजीत ‘यांच्या कुटुंबास’ असं होतं. मी उघडून मनात वाचलं आणि मला पुढं वाचवेना, हसू आणि रडू एकदमच आलं. तिनं सांत्वनाचं पत्र लिहिलं होतं. तिनं आबांना तीन ई-मेल केल्या होत्या आणि तिन्ही परत आल्या, असं नाव अस्तित्वात नाही असा शेरा घेऊन. ‘आमच्या वयात याचा अर्थ काय ते मला कळलं,’ असं तिनं लिहिलं होतं.

आबा म्हणाले, वाच मोठ्यानं. मी ओळीओळीनं मराठीत सांगत गेले. काकू चुलीपुढनं उठून दारात येऊन उभ्या राहिल्या. बाईनं लिहिलं होतं की तुमच्या घरच्या कर्त्या माणसाला मी कधी पाहिलं नाही, पण मेंढरांविषयी माझ्याशी इतकं खरं कोणी बोललं नाही. त्यांची घोंगडी माझ्या खुर्चीवर आहे आणि माझा कुत्रा तिच्यावर कोणाला बसू देत नाही. खळ मला शेवटपर्यंत जमली नाही, हे त्यांना सांगायचं राहून गेलं.

आबा खाली मान घालून ऐकत होते. वाचून झाल्यावर म्हणाले, “पुन्यांदा वाच.”

दुसऱ्यांदा वाचल्यावर काकू म्हणाल्या, “येवडं गुणाचं माणूस आमच्या घरात व्हतं व्हय.” आणि पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. आबाही हसले, पण लगेच गंभीर झाले. “नावाचं मागनं बघू,” ते म्हणाले. “बाईला आदी कळव. उगा जीवाला घोर.”

पत्राच्या माथ्यावर फोन नंबर होता. सोमवारी दुपारी आबा फेटा बांधून बारामतीला आले आणि आम्ही परदेशी फोनची सोय असलेल्या बूथवर गेलो. तिसऱ्या खेपेला लागला. माझं इंग्रजी लिहिण्यापुरतं बरं, बोलायची सवय नाही. मी कशीबशी म्हणाले की ते गेलेले नाहीत, फक्त नावाची मुदत संपली. तिनं ते मला पुन्हा म्हणायला लावलं. मग तिनं विचारलं, ते तिथं आहेत का?

मी रिसीव्हर आबांकडं दिला. ते आयुष्यात फोनवर दोन-तीनदाच बोलले असतील. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला.

“बाई, मी हाय,” ते म्हणाले. “मेंढरं बी बरी हायती.”

तिला मराठी येत नव्हतं आणि आबांना इंग्रजी. तरी ती खूप वेळ बोलली आणि आबा प्रत्येक थांब्याला ‘व्हय, व्हय’ म्हणत राहिले. बाहेर आल्यावर मी विचारलं, काय म्हणाली? आबा म्हणाले की समजलं काहीच नाही, पण आवाजावरनं बाई चांगली वाटली.

नाव मिळालं, सुदैवानं. अजून कोणी घेतलं नव्हतं. बंगळूरच्या त्या माणसानं एका सहकाऱ्याच्या कार्डावरून पैसे भरून टाकले, आणि या वेळी ई-मेलचा पत्ता माझा घातला. तीन आठवडे मी रोज सकाळी वेबसाइट लावून बघत होते आणि रोज निराश होत होते. शेवटी एका गुरुवारी पान उघडायला लागलं. मी शेळगावला निरोप धाडला, तर दुसऱ्या दिवशी आबांबरोबर काकूही आल्या. क्लासचा जिना त्या पहिल्यांदाच चढल्या.

मुलांनी त्यांना खुर्ची दिली. फोटो वरून खाली हळूहळू उतरत गेला, आधी फेटा, मग मिशा, मग माग. पुढं मेंढरांचा फोटो, त्यापुढं घडी घातलेली घोंगडी. काकूंनी शेवटपर्यंत पाहिलं.

“आन् सूत कुणी कातलं?” त्यांनी विचारलं.

मुलं माझ्याकडं बघायला लागली. दोन वर्षं ते पान मी जगाला दाखवत होते आणि त्यात काकूंचं नाव नव्हतं, फोटो नव्हता, एक ओळदेखील नव्हती. मी चुकले म्हणाले. काकू रागावल्या नव्हत्या, त्यांनी फक्त विचारलं होतं. पुढच्या रविवारी मी कॅमेरा घेऊन गेले तेव्हा त्या हिरवं लुगडं नेसून, सूत कातायची चाती आणि पिंजलेल्या लोकरीच्या पेळूंची टोपली घेऊन अंगणात तयार बसलेल्या. उजेड कुठून चांगला येईल ते त्यांनीच ठरवलं, आणि मागं उभ्या असलेल्या आबांना जरा बाजूला सरकायला सांगितलं. त्या फोटोत आबा अर्धेच आले आहेत.