चाफ्याच्या उतरणीचं वर्ष

उंबरवाड्याचा परशू लाडू वेळीप पाच वर्षं जंगल खात्याच्या कचेरीत उमेदवार होता. उमेदवार म्हणजे काय, हे आता सांगावं लागतं. कचेरीत एखादी जागा रिकामी झाली तर आपलं नाव पुढं यावं, या आशेवर बिनपगारी राबणारा मुलगा, तो उमेदवार. त्याचं नाव एका यादीत असे. यादीतून नाव उडालं की राबलेली वर्षंही उडाली.

उंबरवाडा म्हणजे बाजारकुणंग गावाच्याही पलीकडे रानात दडलेली आठ कुणबी घरं. तिथून कचेरी दीड दिवसाच्या पायवाटेवर. त्या आठ घरांत लिहिता-वाचता येणारा परशू पहिला, आणि पुढं पुष्कळ वर्षं शेवटचाही.

शाळेत घालायला त्याचा बाप लाडू त्याला खांद्यावर घेऊन गेला होता. शाळा दोन कोसांवर, वाट वाघरांची. गोपाळ मास्तरांनी सांगून टाकलं की आठाच्या आतलं पोर मी घेणार नाही, वाटेत काही झालं तर लोक मला धरतील. परशू तेव्हा सहाचा. लाडूनं त्याला खाली उतरवलं, पायरीच्या दगडावर उभं केलं आणि नऊ वर्षं पुरी झाली म्हणून सांगितलं. मास्तरांनी पोराकडं बघितलं, दगडाकडं बघितलं, हसले आणि लिहून घेतलं. जन्मतारीख कुणालाच ठाऊक नसे, म्हणून ते सगळ्यांचीच एक जून लिहीत. परशूची झाली एक जून अठराशे सत्त्याऐंशी. लाडू घरी येताना भारी खुशीत होता. आपण सरकारला फसवलं, असं तो बायकोला, सुंदरीला, रात्रभर सांगत होता म्हणे.

कचेरीत लागल्यावर परशूला पहिल्या आठवड्यातच सगळे नियम कळले. ते कुठं लिहिलेले नव्हते. कारकून यशवंतराव पान लावता लावता एकेक सांगत. उमेदवारानं कारकुनाच्या आधी यायचं, मागून जायचं. खुर्चीला हात लावायचा तो पुसण्यापुरता. बसायचं गोणपाटावर, मांडी घालून. कोटाची सगळी बटणं लावलेली हवीत, मग उन्हाळा का असेना. विचारल्याशिवाय बोलायचं नाही. घरची बोली कचेरीत आणायची नाही. आणि सगळ्यात मोठा नियम लेखणीचा. सांगितलं ते लिहायचं. एक शब्द जास्त नाही, एक शब्द कमी नाही.

परशूनं हे सारं अंगी लावून घेतलं. भिकाजीच्या दुकानामागच्या खोपीत तो राही, पहाटे त्याचं पाणी भरी, त्याबदली दोन वेळा जेवी. कोट एकच होता, तो शनिवारी धुवायचा. मराठी शाळेत शिकलेला मुलगा, पण कचेरीचा कारभार कानडीत, म्हणून वर्षभरात त्यानं कानडी अक्षर असं वळवलं की यशवंतरावांचे कागदही तोच लिहू लागला. गावची माणसं लाकडाच्या पासासाठी आली की त्याच्याकडं बघून ओळखीचं हसत. तो कानडीत उत्तर देई. एकदा गावचा बुधवंत, म्हणजे पंचांतला वडीलधारा येसाजी, परतताना दारात थांबून म्हणाला होता, "आरं परशू, आमास्नी वळखीतबी न्हाईस व्हय?" परशूनं मान खाली घालून दौतीत लेखणी बुडवली.

बहीण केशर, तिच्या लग्नालाही तो गेला नाही. रजा मागितली तेव्हा यशवंतरावांनी नाही म्हटलं नव्हतं. जा की, म्हणाले, फक्त यादीत तुझ्या नावापुढं एक खूण पडेल, आणि खूण नसलेली दोन मुलं हल्याळाहून आलेली आहेत. लग्नाच्या दिवशी त्यानं दिवसभर नकला उतरवल्या.

पाच वर्षांत त्याचं कौतुक एकदाच झालं. पहिल्या पावसाळ्यात एकदा यशवंतराव वरच्या साहेबांचा उघडा लखोटा मेजावर तसाच टाकून पान थुंकायला बाहेर गेले आणि बराच वेळ आलेच नाहीत. परशू गोणपाटावर, गुडघ्यांवर हात ठेवून बसून राहिला. वाऱ्यानं कागद फडफडला तरी हलला नाही. यशवंतराव खिडकीच्या फटीतून बघत होते. आत येऊन रेंजरसाहेबांना म्हणाले, "मुलगा कामाचा आहे." हे तीन शब्द परशू पुढं कितीतरी दिवस झोपताना आठवत असे.

एकोणीसशे बारा सालच्या चैत्रात जागा रिकामी झाली. दुसरा कारकून हिवतापानं खंगून गेला होता, तो घरी गेला तो परत आलाच नाही. रेंजरसाहेबांनी परशूचं नाव वर पाठवायचं ठरवलं. अर्ज भरताना यशवंतराव वयाच्या रकान्याशी थांबले. सरकारी नोकरीत शिरायची मर्यादा पंचवीस वर्षांची. शाळेच्या दाखल्याप्रमाणं परशूला एक जूनला पंचवीस पुरी होणार होती, आणि वरून हुकूम यायला आषाढ उजाडणार. तोवर नाव यादीतून आपोआप निघणार.

परशूनं तेव्हा पहिल्यांदा न विचारता तोंड उघडलं. आपण बाविसाचे आहोत, आणि शाळेत वय कसं वाढलं, ते सारं त्यानं सांगितलं. यशवंतरावांनी ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता. बापाला बोलाव, म्हणाले, त्याची जबानी घेऊ, सोबत काही पुरावा असला तर वरचे मानतील. न मानले तर तुझं नशीब.

उळवीहून परतणाऱ्या एका गाडीवानाबरोबर निरोप गेला. पाचव्या दिवशी लाडू आला. खांद्यावर घोंगडी, हातात कंदांचं गाठोडं आणि मधाचा भोपळा. दारातच त्यानं, कसा हायस, म्हणून विचारलं. परशूनं नुसती मान हलवली आणि गोणपाटावर जाऊन बसला. लाडू जमिनीवर उकिडवा बसला आणि मुलाच्या कोटाची बटणं बघत राहिला.

रेंजरसाहेब लाकडाच्या डेपोकडं गेले होते, संध्याकाळी येऊन सही करणार होते. परशूनं जबानीचा कोरा कागद घेतला, नियमाप्रमाणं आधी त्यावर अनुक्रम नंबर घातला आणि तो नोंदवहीत चढवला. नंबर पडलेला कागद फाडता येत नसे. मग यशवंतराव विचारू लागले, लाडू आपल्या बोलीत सांगू लागला आणि परशू कानडीत उतरवू लागला.

मुलगा कोणत्या साली जन्मला, असं विचारल्यावर लाडू म्हणाला, "साल मला कुठलं ठावं, रावसाहेब. वरीस ठावं हाय. चाफ्याच्या उतरणीचं वरीस."

कुणब्यांचा हिशेब तसाच असे. डोंगराची एक उतरण तोडायची, वाळली की जाळायची, राखेत नाचणी पेरायची, मग ती सोडून पुढच्या उतरणीवर जायचं. याला कुमरी म्हणतात. प्रत्येक वर्षाला त्या वर्षीच्या उतरणीचं नाव. कोण कधी जन्मलं, कोण कधी मेलं, सारं उतरणींवरून सांगायचं. लाडूनं नुसतं एवढंच सांगितलं असतं तर काही बिघडत नव्हतं. पण यशवंतरावांनी, पुरावा काय, म्हणून विचारलं.

"पुरावा रानात उभा हाय," लाडू म्हणाला. त्याला हे सांगताना आनंदच झाला होता. "त्या साली कोंड्याच्या बांबूला फूल आलं, उंदीर माजलं, त्यांनी दाणा ठेवला न्हाई. मग आमी हद्दीच्या दगडापल्याड चाफ्याची उतरण तोडली. नाचणी गुडघ्याएवढी झाली तवा ह्यो झाला. पीक काढून सोडली, ती झाडं आली. एक झाड आडवं करा, आतली कडी मोजा. ह्याच्या वयात एक कमी भरंल. न्हाई भरलं तर माझी जीभ कापा."

यशवंतरावांचा अडकित्ता सुपारीवर तसाच राहिला.

हद्दीच्या दगडांपलीकडचं रान सरकारचं, बंद केलेलं. अलीकडच्या चार उतरणींवर उंबरवाड्याला कुमरीची परवानगी होती, ती दरवर्षी एका कागदावर मिळे. आम्ही दगड कधीच ओलांडला नाही, ओलांडल्याचं दिसलं तर परवानगी जावी, असं त्यात लिहिलेलं असे आणि आठही घरांचे अंगठे त्याखाली असत. ते कागद परशूनंच पाच वर्षं उतरवले होते. चाफ्याची उतरण वणव्यानं जळाली, अशी कचेरीची समजूत होती. लाडूला हे कळत नव्हतं असं नाही. पण बावीस वर्षं झाली, झाडं पुन्हा उभी राहिली, आता त्याचं कुणाला काय, असं त्याला वाटलं. आणि मुलगा समोर लेखणी घेऊन बसलेला. कचेरी आता आपलीच झाली असं तो समजून होता.

यशवंतराव उठले. पान थुंकून येतो, म्हणाले, आणि बाहेर गेले.

बराच वेळ ते आले नाहीत. परशू त्या कागदाकडं बघत बसला. दगडापल्याड हा एक शब्द. तो गाळला तर उतरण अलीकडची होईल, झाडांची कडी तेवढीच भरतील, बापाला कानडी वाचता येत नाही, अंगठा तो कुठंही देईल. हे सगळं त्याला दिसलं. मग त्याला खिडकीची फट दिसली. पहिल्या पावसाळ्यातला तो उघडा लखोटा आठवला. आज जागा द्यायची वेळ आहे, आज बघणारच, असं त्याच्या मनानं घेतलं. लाडू म्हणाला, "लिव की रं. मी बोललो ते सगळं लिव."

परशूनं लिहिलं. एक शब्द जास्त नाही, एक शब्द कमी नाही.

यशवंतराव आत आले, कागद उचलला, वाचला. पुन्हा वाचला. चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसत बसले. खिडकीपाशी ते गेलेच नव्हते. मागच्या आंब्याखाली उभे होते. मग अगदी हळू, कानडीत नाही, मराठीत म्हणाले, "मी बाहेर कशाला गेलो होतो, परशू?"

"आपणच सांगितलं होतं," परशू म्हणाला.

"हो," यशवंतराव म्हणाले. "मीच सांगितलं होतं."

बाहेर रेंजरसाहेबांच्या घोड्याची चाहूल लागली. लाडूनं अंगठा दिला, साहेबांनी सही केली, कागद टपालात गेला. लाडू मधाचा भोपळा मेजावर ठेवून खुशीत गावाला निघाला.

आषाढात दोन लखोटे एकाच दिवशी आले. पहिल्यात होतं, शाळेच्या दाखल्यातलं वय बदलता येत नाही, उमेदवाराचं नाव कमी करावं. दुसऱ्यात, त्याच जबानीच्या आधारे, उंबरवाड्याची कुमरीची परवानगी कायमची बंद. दुसरा हुकूम गावात वाचून दाखवायचा होता, आणि जंगलाच्या गार्डाला कानडी वाचता येत नव्हतं. यशवंतरावांनी परशूला बोलावलं. तुझं नाव आजपासून नाही, म्हणाले, तेव्हा तू नाही म्हणू शकतोस. परशूनं कोटाची बटणं लावली आणि गार्डाबरोबर निघाला.

देवळासमोरच्या मोकळ्या मांडावर आठही घरं जमली. पाऊस उघडला होता, चिखल होता. परशूनं हुकूम कानडीत वाचला, मग घरच्या बोलीत सांगितला. पाच वर्षांत गावापुढं तो आपल्या बोलीत पहिल्यांदाच बोलत होता, आणि शब्द सापडायला त्याला वेळ लागत होता. मग येसाजी बुधवंतानं विचारलं की कचेरीला हे कळलं कसं.

परशूनं तोंड उघडलं होतं. पण लाडू आधी उठला.

"म्या सांगितलं," तो म्हणाला. "माझ्या तोंडातनं गेलं. पोराचं वय सांगायला गेलो न् गेलं. त्यो काय करंल, त्याला लिवावंच लागतंय."

येसाजीनं त्याच्याकडं बघितलं. चिडला नाही. "पोराची नोकरी तरी झाली न्हवं?" त्यानं विचारलं.

"न्हाई," लाडू म्हणाला.

येसाजीनं मान हलवली आणि चिखलातून घराकडं चालायला लागला. एकेक करून बाकीचेही गेले. परशू कागद हातात धरून उभा राहिला. आता सांगावं, लिहिलंच पाहिजे असं नव्हतं, एक शब्द गाळायला मला सवड दिली होती, असं त्याच्या ओठांपर्यंत आलं. बापाचा चेहरा बघून ते मागं फिरलं, ते कायमचंच.

पुढच्या दोन वर्षांत उंबरवाड्याची पाच घरं उठली. कुणी लाकडाच्या डेपोवर गेलं, कुणी घाटाखाली. परशूही डेपोवर ओंडके ओढू लागला. तिथं कुणी पत्र लिहून मागितलं तर तो, मला येत न्हाई, म्हणे, आणि लोकांना ते खरं वाटे. लाडूशी गावात कुणी भांडलं नाही. फक्त त्याला कुणी काही विचारेनासं झालं. बी कधी टाकायचं, देवाचं कधी करायचं, कशातच नाही. तो कधी कधी एकटाच हद्दीच्या दगडापर्यंत जाऊन बसे आणि चाफ्याच्या उतरणीकडं बघे. परशू न्यायला आला की म्हणे, "तुझ्या मागली हायती. एका वर्सानं धाकटी." परशू त्याला हात धरून उठवी.

लाडू गेला तेव्हा मरणाची नोंद करायला परशू पाटलाकडं गेला. पाटलानं बापाचं वय विचारलं. परशूला ते ठाऊक होतं. लाडू स्वतः कोणत्या उतरणीला जन्मला, हे त्यानं परशूला लहानपणापासून शंभरदा सांगितलं होतं, आणि तिथून बोटांवर मोजत यायला परशूला वेळ लागला नसता.

"ठावं न्हाई," तो म्हणाला. "तुमाला वाटंल ते लिवा."