माझ्या वाट्याचा मिलिंद

मिलिंद रविवारी दुपारी सव्वातीनला ऑनलाइन यायचा, पावसापाण्याचा, सणावाराचा अपवाद न करता. त्या रविवारी चार वाजून गेले तरी त्याचा पत्ता नव्हता. दुकानाचं शटर अर्धं ओढून, कानाला हेडफोन लावून मी चडफडत बसलो होतो. सव्वाचारला एकदाचा त्याच्या नावापुढे हिरवा ठिपका लागला आणि मी तोंड सोडलं, "काय रे, मेलास का कुठे? तासभर बसलोय इथे!" पलीकडून एक बाई बोलल्या. "केदारदादा, मी प्रतीक्षा. मिलिंददादाची बहीण. तो परवाच गेला. कारखान्यात छातीत दुखतंय म्हणाला, आणि हॉस्पिटलात नेईपर्यंत... आज रविवार, तुम्ही वाट बघत असाल असं आई म्हणाली, म्हणून त्याचा फोन उघडला." मी काय बोललो ते आठवत नाही. काहीतरी 'अरे बापरे' वगैरे बोललो असेन. पण फोन ठेवल्यावर मनात पहिला विचार काय आला, ते मात्र लख्ख आठवतं, आणि ते सांगितल्याशिवाय पुढचं लिहिता येणार नाही. मला वाटलं, परवा गेला आणि मला आज कळतंय? मला?

आमची ओळख खेळातली. पाचजणांच्या संघाने दुसऱ्या पाचजणांना बंदुका घेऊन पळवायचं, असला तो मोबाइलवरचा खेळ. मी नौपाड्यात चष्म्याचं दुकान चालवतो; वडिलांचं होतं, आता माझं. लग्न केलं नाही, दुकान आणि घर एवढंच जग, त्यात हा खेळ. मिलिंद शहाडला आई आणि बहिणीबरोबर राहायचा आणि वागळे इस्टेटमध्ये लेथवर काम करायचा. खेळात त्याचं नाव होतं 'आईचा फोन', कारण सुरुवातीला तो खरोखरच आईच्या फोनवरून खेळायचा. स्वतःचा फोन घेतल्यावरही त्याने नाव बदललं नाही. खेळाडू म्हणून तो यथातथाच. समोरचा गडी नवखा आहे असं दिसलं की हा बंदूक खाली करायचा आणि त्याला म्हणायचा, "नवीन आहेस का भावा? त्या भिंतीमागे जा, इथे मरशील." आपल्यातला कुणी पडला की जिंकत आलेला डाव सोडून त्याला उचलायला मागे धावायचा. त्याच्यापायी आम्ही किती वेळा हरलो असू! मी ओरडायचो, आणि तो तोंडातला सुक्या बोंबलाचा घास संपवून शांतपणे म्हणायचा, "अरे, तो एकटाच पडला होता ना तिकडे." घास चावल्याचा आवाज पाचही जणांच्या कानात. मी त्यालाही ओरडायचो.

खेळापेक्षा त्याला बाकीच्याच गोष्टींत जास्त रस होता असं मला वाटायचं. कल्याणच्या एका वाचनालयाचा तो सभासद होता. जेवणाच्या सुट्टीत लेथशेजारी बसून पुस्तक वाचायचा, आणि पुस्तकाची शिवण उसवलेली असली तर घरी नेऊन सुईदोऱ्याने शिवून, कव्हर घालून परत करायचा. आपण आणलेली वस्तू होती त्यापेक्षा बऱ्या अवस्थेत परत गेली पाहिजे, असं त्याच्या डोक्यात कुठेतरी पक्कं बसलेलं होतं. कारखान्याच्या फाटकाशी एक बदामाचं झाड आहे, त्याला नवी पालवी आली की फोटो पाठवायचा. खाली लिहायचा, 'आज'. बस, एवढंच. मला झाडांचं काही नाही, पण तो फोटो आला नाही की चुकल्यासारखं व्हायचं.

आणि तो मला वाचून दाखवायचा. सुरुवात साधीच झाली. एकदा बाकीचे तिघे यायला वेळ होता, म्हणून तो म्हणाला, "थांब, एक पान ऐकवतो, भारी आहे." वादळात भरकटलेल्या गलबतावरच्या खलाशांची जाडजूड कादंबरी होती, त्याची स्वतःची. पुढच्या रविवारी मीच विचारलं, "त्या खलाशांचं काय झालं रे?" तेव्हापासून सव्वातीन ते चार हा आमचा दोघांचा वेळ ठरून गेला. मी शाळेनंतर पुस्तक हातात घेतलेला माणूस नाही. दिवसभर लोकांकडून भिंतीवरची अक्षरं वाचून घेतो, तेवढंच माझं वाचन. पण त्या पाऊण तासासाठी मी रविवारची गिऱ्हाइकं दोनलाच वाटेला लावायचो. फक्त एक होतं, मिलिंद वाचताना फार अडखळायचा. 'शिडाच्या... दो... दोरखंडाला' असं चौथीतल्या पोरासारखं. मला हसू फुटायचं. मी त्याची नक्कल करायचो, "पुढे... पु... पुढे वाचा गुरुजी!" तोही हसायचा. माझ्याहून जास्त हसायचा.

अशा दोस्ताच्या पुण्यानुमोदनाला मी निघालो तो छाती पुढे काढूनच. त्यांच्याकडे गेलेल्या माणसाच्या आठवणीसाठी वंदना होते, लोक उठून चार शब्द बोलतात, हे मला प्रतीक्षाने सांगितलं होतं. मी चार नव्हे, चाळीस शब्दांची तयारी केलेली. स्टेशनाजवळून ताज्या निशिगंधाचा भला मोठा हार घेतला. शहाडला बुद्धविहाराच्या दारात पोहोचलो तर आत टेबलावर वह्यांची चळतच्या चळत. एकाच्याही हातात हार नाही. 'हार-फुलं आणू नका, मुलांना वाटायला वह्या आणा' असा निरोप सगळ्यांना गेला होता म्हणे, एका ग्रुपवर. त्या ग्रुपमध्ये मी नव्हतो. असा काही ग्रुप आहे हेच मला ठाऊक नव्हतं! तो हार काखेत लपवावा की कुठे ठेवावा हे न कळून मी शेवटच्या रांगेत जाऊन बसलो आणि तेव्हा समोरचा फोटो नीट पाहिला.

फोटोत मिलिंदने चष्मा लावलेला होता.

बाकी कुणाला त्यात काही वाटलं नसतं. मला वाटलं, कारण तो चष्मा माझ्या दुकानातला नव्हता. तपकिरी फ्रेम, जवळचं वाचायचा, चाळिशीचा साधा चष्मा. माझा एवढा मित्र, मी चष्मेवाला, आणि याने दुसरीकडून चष्मा केला? घरचं हॉटेल असताना लग्नाचं जेवण शेजारच्या हॉटेलातून मागवावं तसं झालं हे. लोक पंचशील म्हणत होते, आणि मी मेलेल्या मित्रावर रुसून त्या फ्रेमच्या दांड्या बघत होतो. लाज वाटायला हवी होती. वाटलीही, पण नंतर.

मग माणसं बोलायला उठली. त्याचा एक जोडीदार लेथवाला म्हणाला, "तो माझा सगळ्यात जवळचा मित्र होता." शेजारच्या इमारतीतली एक मुलगी म्हणाली, परीक्षेच्या आधी रोज सकाळी सहाला तो तिला फोन करून उठवायचा, असा भाऊ तिला मिळणार नाही. प्रत्येकजण बोलायला उभा राहिला की माझे दोन-चार शब्द कापले जायचे. मला सांगायचं होतं ते सगळं आधीच कुणीतरी सांगून गेलेलं. आणि मग पांढरी सुती साडी नेसलेल्या, सत्तरीच्या पुढच्या एक बाई उठल्या. वसुधाकाकू, डोंबिवलीच्या, निवृत्त शिक्षिका. शांत आवाजात म्हणाल्या, "मुलगा परदेशी गेला आणि जाताना हा खेळ फोनवर तसाच ठेवून गेला. मी चुकून उघडला. पहिल्याच दिवशी मिलिंदने मला भिंतीमागे लपायला सांगितलं. तीन वर्षं आम्ही बोलतोय. दर बुधवारी संध्याकाळी तो मला वाचून दाखवायचा. काय सुरेख वाचायचा हो! एक शब्द अडखळायचा नाही."

मी तिथून उठून जायच्याच बेतात होतो. बुधवार! म्हणजे माझा रविवार आणि यांचा बुधवार. आणि बाकीचे वार कुणाकुणाचे, देव जाणे. वर हिला सुरेख वाचून दाखवतो आणि माझ्याकडे येतो तेव्हा ततपप! हिच्यासाठी तयारी करून येतो, आणि केदार काय, आपलाच आहे, त्याला कसंही चालतं. मला मत्सर वाटला असं म्हणणं सौम्य होईल. माझा जळफळाट झाला, एका सत्तरीच्या म्हातारीवर.

कार्यक्रम संपल्यावर त्याच माझ्याकडे आल्या. "तू केदार ना? ठाण्याचा, चष्म्याच्या दुकानाचा?" मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, "तुझ्याबद्दल फार बोलायचा. सुरुवातीला माझ्याकडेही अडखळायचा रे तो. पण चाळीस वर्षं शाळेत काढली मी. बारीक अक्षराला अडतो आणि जाहिरातीतलं मोठं अक्षर घडाघडा वाचतो, तर डोळे बघायला नकोत का? मी म्हटलं, तुझा मित्रच आहे ना चष्मेवाला, त्याच्याकडे जा. गेलाही होता तुझ्याकडे. परत येऊन म्हणाला, नाही जमलं काकू. मग मीच घेऊन गेले आमच्या डोंबिवलीत."

गेला होता... हो, आला होता. दीडएक वर्षापूर्वी, जेवणाच्या सुट्टीत. वागळे इस्टेट ते नौपाडा रिक्षाने असं किती लांब, पण एरवी तो कधी यायचा नाही म्हणून मला अप्रूप वाटलं होतं. आरशासमोर उभा राहून त्याने एक-दोन फ्रेम लावून पाहिल्या. मी म्हटलं, "ठेव रे ते, चल एक डाव टाकू." काउंटरपाशी एक गिऱ्हाईक बसलं होतं, त्याला मी मिलिंदची ओळख करून दिली, "हे आमचे गुरुजी. यांचं वाचन ऐकायचंय?" आणि त्याची नक्कल करून दाखवली. गिऱ्हाईक हसलं, मिलिंद हसला. चहा पिऊन, "येतो नंतर कधीतरी" म्हणत निघून गेला. वीस वर्षं मी लोकांच्या डोळ्यांवर पोट भरतोय. चाळिशी उलटलेला माणूस दर रविवारी माझ्या कानाशी अक्षरांवर ठेचकाळत होता, आणि मी हसत होतो. डोंबिवलीच्या बाईंना जे फोनवरून कळलं, ते मला समोर बसवून कळलं नाही.

तरीही एक प्रश्न डोक्यातून जाईना. चष्मा दीड वर्षापूर्वी झाला. मग गेल्या महिन्यापर्यंत तो माझ्याकडे का अडखळत होता? काकूंसाठी चष्मा लावायचा आणि माझ्यासाठी तेवढीही तसदी नाही? मी त्याचा कोण होतो, हे एकदा कुणीतरी सांगावं, एवढंच मला हवं होतं. तीन आठवडे कसेबसे काढले आणि एका रविवारी शहाडला त्याच्या घरी जाऊन धडकलो. प्रतीक्षा बाहेर गेली होती. त्याच्या आईने दार उघडलं. खिडकीशी त्याची प्लास्टिकची खुर्ची, तिच्या हातावर घडी केलेला पंचा, बाजूच्या स्टुलावर ती खलाशांची कादंबरी. चष्मा पुस्तकावरच होता. मावशींनी पाणी दिलं, चहा टाकला. इकडचं तिकडचं झालं आणि मी विचारूनच टाकलं, "मावशी, तो चष्मा लावून वाचायचा?"

"मग! चष्म्याबिगर काय दिसत होतं त्याला?" त्या स्वयंपाकघराच्या दारात टेकल्या. "बुधवारी त्या बाईंना वाचून दाखवायचा ना, कसा पाण्यासारखा वाचायचा. मी आत भाकऱ्या करता करता ऐकायची. आणि रविवारी तुझा फोन लागला की ह्याचं सुरू, दो... दो... मला कळंना काय झालं. म्हटलं, अरे, चष्मा हाय ना डोळ्यावर, मग असं काय करतोस खुळ्यासारखं? तर मला म्हणतो कसा, आई, तो केदार दिवसभर एकटाच असतो दुकानात. मी अडखळलो की जोरात हसतो. तेवढंच हसतो बघ तो आठवड्यात."

 मग मी जे विचारलं ते मी विचारायला नको होतं, पण माझा स्वभाव काय एका क्षणात जाणार होता? म्हटलं, "आणखी कुणासाठी करायचा असं?"

मावशींनी खरंच विचार केला. "नाय बाबा. तुझ्यासाठीच."

हेच ऐकायला मी ठाण्याहून आलो होतो. ऐकलं, आणि हातातला कप खाली ठेवून दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. दीड वर्ष, दर रविवारी, पाऊण तास. चांगलं येत असताना चुकायचं, आणि चुकलं की समोरच्याने टर उडवायची, त्यात आपणही हसायचं. मला वाटायचं, तो माझ्यासाठी काहीच कष्ट घेत नाही. वसुधाकाकूंना त्याचं सुरेख वाचन मिळालं, आणि खरं सांगतो, त्याचा हेवा मला अजून वाटतो. तो खरोखर कसा वाचायचा, हे माझ्या वाट्याला कधी आलंच नाही.

चहाची भांडी आत नेता नेता मावशी म्हणाल्या, "त्या होडीतल्या माणसांचं पुढं काय झालं रे? मी आतून ऐकायची सगळं. शेवट राहिलाय." चाळीसेक पानं उरली होती. मी त्याच्या खुर्चीत बसलो आणि पुस्तक उघडलं. मोठ्याने वाचायची सवय नाही, डोळेही भरलेले. पहिल्याच ओळीला जीभ अडली, मग पुन्हा अडली, चांगली ततपप झाली. आतून मावशींचं हसू ऐकू आलं, अगदी बारीक, पदर तोंडाला लावल्यासारखं. त्या घरात त्या तीन आठवड्यांत कुणी हसलं असेल असं मला वाटत नाही. पुढची ओळ मला वाचता आली असती. मी अडखळलो.