हिरेमठ गुरुजींची तापमानाची वही

एप्रिलमधल्या एका शनिवारी संध्याकाळी सव्वासहा वाजता आमच्या सोलापूर आवृत्तीच्या रविवारच्या अंकातून लीड काढण्यात आली. लीड म्हणजे पहिल्या पानावरची मुख्य बातमी. पान सात वाजता छपाईला सोडायचं होतं. बातमी माझीच होती.

अक्कलकोट तालुक्यातल्या एका गावात मल्लिनाथ हिरेमठ हे निवृत्त मुख्याध्यापक राहतात. तीस वर्षांहून अधिक काळ ते रोज दुपारी अडीच वाजता घरच्या थर्मामीटरवरचं तापमान वहीत लिहितात. सण असो, घरात लग्न असो, नोंद चुकत नाही. ते परगावी गेले तर पत्नी महानंदाबाई लिहितात आणि त्या आकड्यापुढे 'म.' अशी खूण करतात. या वह्यांवरून गावाचा उन्हाळा वाढल्याचं दिसत होतं.

आमच्याकडे उन्हाची बातमी ठरलेली असते. नवी पेठेत स्कार्फ गुंडाळलेल्या मुली, रसाच्या गाड्यावर गर्दी, खाली 'सोलापूरकर हैराण'. फोटोग्राफर बदलतात, फोटो बदलत नाही. हवामान बदल म्हणजे एका दिवसाचं ऊन नव्हे. अनेक वर्षांची सरासरी हळूहळू सरकणं. त्याचा फोटो निघत नाही. गुरुजींच्या वह्यांत ते सरकणं सापडलं, असं मला वाटलं.

बुधवारी मी गावात गेले. वह्या धोतराच्या फडक्यात बांधलेल्या होत्या. थर्मामीटर गच्चीवर, जिन्याच्या खोलीच्या भिंतीला, पत्र्याखाली होता. त्याच्यासोबत गुरुजींचा फोटो काढला. खाली ओट्यावर शेजारचे मेंढपाळ बिरूतात्या चहाला आले होते.

"ताई, गुरुजी पेपरात येनार म्हनं?"

"रविवारी."

"मग काय, आता आमाला वळख देत्यात का न्हाय कुनास ठावं."

"तुझी मेंढरं माझा आकडा ऐकूनच दुपारी सावलीला येतात, ते सांग की मॅडमना," गुरुजी म्हणाले.

"मेंढरास्नी आकडा कशाला लागतोय? त्यांच्या अंगावर लोकर हाय."

"हौदु, हौदु," महानंदाबाई हसत म्हणाल्या. कन्नडमध्ये म्हणजे हो, खरं आहे.

शनिवारी दुपारी आमचा पेज डिझायनर श्रीनिवास आलेख करायला बसला. मी प्रत्येक वर्षाच्या एप्रिल-मेची सरासरी काढून दिली होती. पाच वाजता त्याने हाक मारली.

"मॅडम, रेघ बघा. इतकी वर्षं जवळजवळ सपाट. मग एकदम वर. मग परत सपाट. हा चढ नाही, जिन्याची पायरी आहे."

मी गुरुजींना फोन लावून ते वर्ष सांगितलं.

"गुरुजी, तिथून आकडे एकदम वाढलेत. त्या वर्षी काय झालं होतं?"

"काही नाही. पाऊस बरा होता."

"घरात काही?"

"घरात? नवं घर बांधलं की. स्लॅबचं."

"त्याआधी थर्मामीटर कुठे होता?"

"जुन्या घराच्या ओसरीत. पुढं कडुलिंब होता, तो बांधकामात तोडला. मोकळी हवा मिळावी म्हणून मीच थर्मामीटर वर नेला." मग म्हणाले, "थर्मामीटर तोच आहे ओ. वेळही तीच. त्यात कधी फरक केला नाही."

तापमान मोजण्यासाठी हवामान खातं थर्मामीटर मोकळ्या जमिनीवर, झडपांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत ठेवतं. भिंतीची, छताची उष्णता त्यात मिसळू नये म्हणून. हे मला माहीत होतं. बुधवारी पत्र्याखाली उभी असताना ते विचारायचं मला सुचलं नाही.

कृषी हवामान शिकवणाऱ्या एका ओळखीच्या प्राध्यापकांना विचारलं. ते म्हणाले, "ओसरीचे आकडे वेगळे, गच्चीचे वेगळे. दोन्ही जोडून वाढ दाखवता येणार नाही."

"नुसत्या गच्चीच्या वर्षांत वाढ दिसेल?"

"एवढ्या थोड्या वर्षांत, घरच्या थर्मामीटरवर? सांगता येणार नाही."

मी आलेख घेऊन निवासी संपादकांच्या केबिनमध्ये गेले. निवासी संपादक म्हणजे आवृत्तीचे प्रमुख. त्यांनी ऐकून घेतलं.

"ऊन वाढलंय की नाही?"

"वाढलंय, सर. हवामान खात्याच्या नोंदी तेच सांगतात."

"मग आपल्या बातमीत खोटं काय?"

"यातली वाढ स्लॅबची आहे."

"वाचक काय स्लॅब बघायला अक्कलकोटला जाणार आहे?"

"ज्याला हवामान बदल हे थोतांड वाटतं, तो जाईल. एक थर्मामीटर दाखवून बाकीचंही खोटं म्हणेल."

सरांनी घड्याळ बघितलं. "काढ. रसाच्या गाड्याचा फोटो आहे ना?"

"आहे."

"असणारच."

पान सात वाजता सुटलं. त्यानंतर मी गुरुजींना पुन्हा फोन केला.

"उद्या शाळेत सत्कार ठेवलाय, मॅडम. चौकात फ्लेक्स लागलाय. विजापूरहून जावई निघालेत. प्रत्येकाच्या हातात पेपर द्यायचा म्हणून सरपंचांनी अंक सांगून ठेवलेत."

"बातमी उद्या येणार नाही, गुरुजी."

"मग सोमवारी?"

"अशी येणारच नाही."

"म्हणजे मी इतकी वर्षं चुकीचं लिहिलं?"

"आकडे बरोबर आहेत. जागा बदलल्याची नोंद वहीत नाही."

"मुलांना मी एका खाडाखोडीला पुन्हा पान लिहायला लावायचो," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

रविवारी लीडच्या जागी नवी पेठेतला फोटो छापून आला. फोटोतल्या रसवाल्याने दहा अंक मागवले. दुपारी बिरूतात्यांचा फोन आला.

"सत्कार झाला का, तात्या?"

"जमले तर समदे. गुरुजी उठले आन म्हनले, पेपरात येनार न्हाय, चूक माजी हाय. थर्मामीटर कुटनं कुटं नेला ते समदं सांगितलं. शाल घेतली न्हाय, नारळ घेतला न्हाय. सरपंच म्हनला, अवं, चूक कसली, पारा तर वर गेलाय की. तर त्येच्यावरच चिडले. जावई लई अवघडून बसला हुता. मग जिलेबी खाऊन लोक गेले."

"तुम्हाला कळलं, ते काय म्हणाले?"

"व्हय. लिंबाखाली गार असतं. त्यात न कळन्यासारखं काय हाय?"

मे महिन्यात दुसऱ्या कामासाठी अक्कलकोटला गेले तेव्हा वाट वाकडी करून गावात गेले. बिरूतात्यांच्या मेंढवाड्याजवळ, मोकळ्या जमिनीवर, गावच्या सुताराने केलेली झडपांची पांढरी पेटी उभी होती. आत नवा थर्मामीटर होता. गच्चीवरचा जुना जागेवरच होता. वहीत आता दोन रकाने होते, 'गच्ची' आणि 'वाडा'. दोन्ही नोंदी अडीचच्याच. गुरुजी एकाच वेळी दोन्हीकडे पोचू शकत नसल्याने गच्चीच्या सगळ्या आकड्यांपुढे 'म.' होता.

गुरुजींनी जुन्या वह्यांतली एक काढली आणि घर बांधलं त्या वर्षीचं पान उघडून माझ्यापुढे ठेवलं. समासात लाल शाईने लिहिलं होतं: 'आजपासून थर्मामीटर ओसरीतून गच्चीवर. लिंब तोडला. ही नोंद वेळेवर केली नाही.' खाली पूर्ण सही होती. सहीखाली सत्काराच्या दिवसाची तारीख होती.