खुर्चीच्या डाव्या अंगाची जागा

विजापूर वेशीतल्या दातांच्या दवाखान्यात खुर्चीच्या डाव्या अंगाला एक जागा होती, आणि ती झीनतची होती. विरेश डॉक्टरांनी हात पुढे केला की मागायच्या आत त्यात आरसा यायचा. पेशंट घाबरला की डॉक्टर म्हणायचे, "झीनत, तू बोल बाई." झीनत बोलायची. लग्न होऊन टेंभुर्णीला गेली, नवरा वारल्यावर परत आली, तेव्हाही ती जागा तिची वाट बघत होती.

मग स्कॅनर आला, आणि त्याच्यासोबत प्रियदर्शनी.

स्कॅनर म्हणजे पेनाएवढा दांडा, टोकाला लाल उजेड. डोळ्यांना न दिसणारी, नुकती लागलेली कीडसुद्धा तो ओळखायचा. दात चांगला असेल तर गप्प. किडका असेल तर आवाज चढवत जायचा, मशीनच्या पडद्यावरचा आकडाही वाढवायचा. तो चालवायला शिकून आलेली प्रियदर्शनी डाव्या अंगाला उभी राहू लागली. झीनतकडे उरलं ते दात घासून देणं. डाग राहिला तर यंत्र डागालाच कीड समजतं, हे कंपनीच्या माणसाने आल्याआल्याच बजावलं होतं.

"दीदी, घासून झालं?"

"झालं, मॅडम."

"मॅडम काय हो, दीदी!"

"मशीनवाल्या बाईला मॅडमच म्हणतात की."

डॉक्टर हसले. झीनतच्या बोलण्यावर हसले, पण बघितलं प्रियदर्शनीकडे.

एके दिवशी मोहोळकडच्या गोजाबाई आल्या. दुखत काही नव्हतं, नातीने तपासायला पाठवलं होतं. जळक्या तंबाखूची मिसरी लावून लावून दात काळे झालेले.

"दिवसातनं किती वेळा लावता, मावशी?"

"सकाळी लावते. च्या पिला की लावते. मग काय, त्वांड रिकामं दिसलं की लावते!"

झीनतने ब्रश उचलला. दाढेच्या खाचेत मिसरी घट्ट बसली होती, खरवडल्याशिवाय निघणार नव्हती. पलीकडे प्रियदर्शनी डॉक्टरांना पडद्यावर काही दाखवत होती. दोघांची डोकी जवळजवळ.

"झालं का गं, झीनत?" डॉक्टरांनी मानही वळवली नाही.

झीनतने ब्रश खाली ठेवला. "झालं."

आता बोंबल म्हणावं, ती मनात म्हणाली. बघू तुझं मशीन.

पेन दाढेला टेकला आणि बोंबललाच. कुंई करत चढतच गेला.

"सर, आकडा खूप मोठा आहे."

डॉक्टर वाकले. "खाचही काळी आहे. कीड आत गेलीय, उघडावं लागेल. झीनत, इंजेक्शन."

झीनत जागेवरच थिजली. तिला वाटलं होतं, डॉक्टर पेनाला हसतील. ते पेनाचं ऐकतील, हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं.

गोजाबाईंनी तिचा हात धरला. "बाई, तू सांगशील तसं. लई दुकंल का गं?"

"डॉक्टर, थांबा."

"आता काय?"

"मी घासलंच नाही."

"विसरलीस?"

"नाही."

डॉक्टरांनी तिच्याकडे रोखून बघितलं. प्रियदर्शनीने निमूटपणे ब्रश घेतला, खाच खरवडली, पुन्हा पेन टेकवला. दाढ गप्प. पण शेजारच्या दाढेवर तो बारीक कुरकुरला.

"सर, इथे मात्र सुरुवात आहे. नुसता औषधाचा लेप दिला तरी थांबेल."

झीनतने वाकून बघितलं. मग दिवा ओढून बघितलं. तिला काहीही दिसलं नाही. डॉक्टरांच्या नजरेपेक्षा ते जास्त लागलं.

उठताना गोजाबाईंनी प्रियदर्शनीच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. "गुणाची गं माजी बाय! तू व्हतीस म्हणून वाचले."

त्या गेल्यावर डॉक्टर म्हणाले, "यापुढे दात घासायचं कामही प्रियदर्शनीच करेल. तू बाहेर बस, नावं पुकार. खरं बोललीस म्हणून ठेवतोय."

"ठेवा की. पण डॉक्टर, तिला पेशंटशी बोलता येत नाही."

"शिकेल."

झीनतने बाहेर येऊन पुढचं नाव पुकारलं. पेशंट आत गेला. दाराच्या पडद्यामागून प्रियदर्शनीचा आवाज आला, "घाबरू नका हं, काका. मी आहे ना."

झीनत कान देऊन ऐकत राहिली. आवाज गोड होता. काका खळखळून हसलेही.

"मेली," झीनत पुटपुटली, "शिकली पण."